घंगाळ डॉक्टर

आमचे डॉक्टर पोटातल्या मुलांना ‘अहो’ म्हणायचे.

बाई तपासायच्या टेबलावर आडवी झाली, की ते आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळून ऊन करायचे, अलगद तिच्या पोटावर ठेवायचे आणि खाली वाकून विचारायचे, “काय म्हणताय? डोकं कुठं ठेवलंयत आपण?” पहिल्यांदा आलेली बाई दचकायची. बरोबरची सासू तोंडाला पदर लावायची. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. ज्या माणसाशी आपली अजून ओळख झालेली नाही, त्याला एकदम अरेतुरे कसं करायचं, असं त्यांचं म्हणणं. मूल जन्मलं तरी बारसं होईपर्यंत हे अहो-जाहो चालायचं. बारशाला बोलावणं आलं, नाव कळलं, की मग डॉक्टर ‘अरे’वर यायचे, आणि तेही जरा अवघडूनच.

मी पुण्याला नर्सिंगचं शिक्षण संपवून पौडच्या दवाखान्यात आले, ती साठ सालानंतरची वर्षं. दवाखाना म्हणजे कौलारू बैठी इमारत. एका अंगाला तालुक्याची कचेरी, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी. धरणाच्या पाण्यावर तयार झालेली वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची, आणि आमच्या वाट्याला जी यायची ती गिरणी सुरू झाली की डोळे मिटायची. डॉक्टर मूळचे पुण्यातल्या पेठेतले. मोठ्या शहरातल्या इस्पितळात नोकरी, मग परदेशात शिक्षण, आणि तिथून आले ते थेट पौडला. का आले, हे कुणाला माहीत नव्हतं. गावानं आपापल्या परीनं दोन-तीन कारणं ठरवली होती आणि त्यातल्या प्रत्येकात एक गोरी बाई होती.

दिसायला उंच, किडकिडीत. कोटाच्या खिशात फूटपट्टी, सुतळीचा गुंडा आणि थर्मामीटर. थर्मामीटर दोन असायचे, एक रोग्यांचा आणि एक चहाचा. परदेशातून आणलेला झकास रेनकोट खुंटीला टांगलेला असायचा आणि पावसात डॉक्टर कोटावर इरलं पांघरून भाताच्या बांधावरून चाललेले दिसायचे. “रेनकोटात मी आतून भिजतो,” ते म्हणायचे. “इरल्यात बाहेरूनही भिजत नाही. मग शहाणं कोण?”

आणि एक नेम होता. दवाखान्यात नवी कुठलीही गोष्ट आली, की ती आधी डॉक्टरांवर चालायची. नवं औषध आलं, की एक चमचा त्यांना. शेकाची रबरी पिशवी आली, तेव्हा ती पोटावर घेऊन ते दुपारभर झोपले आणि उठल्यावर “उजव्या कोपऱ्यात जास्त तापते” असा शेरा दिला. एनिमाचं नवं भांडं आलं, तेव्हा मात्र आम्ही कुणी काही विचारलं नाही.

आमच्याकडं सगुणाबाई नावाची आया होती. पूर्वी पंचक्रोशीतली नावाजलेली सुईण, आता दवाखान्याच्या पगारावर. ती माझ्याहून जास्त बाळंतपणं केलेली आणि डॉक्टरांना न भिणारी. तिची आणि डॉक्टरांची पहिली मोठी लढाई झाली ती घंगाळावरून.

बाळंतिणींच्या आंघोळीचं पाणी ज्यात काढायचो, ते तांब्याचं मोठं घंगाळ एका सकाळी डॉक्टरांनी उचलून आपल्या खोलीत नेलं. आतून त्याला काथ्याचं जाड अस्तर लावलं. मग सगुणाबाईला फर्मान काढलं, की पाणी खळखळून उकळायचं, झाकून ठेवून पूर्ण गार करायचं आणि हलकेच, आवाज न करता या घंगाळात ओतायचं.

“गारच करायचं तर उकळायचं कशाला?” सगुणाबाईनं कमरेवर हात ठेवले.

“त्यातली हवा काढायची आहे.”

“पान्यातली हवा?”

“हो.”

“मंग मासं कसं जगत्याल?”

“घंगाळात मासे नाहीत, सगुणाबाई.”

“न्हाईत, पर बाळंतिनी हायेत की! त्यांचं पानी आता कशात काढू? तुमच्या टोपीत?”

डॉक्टरांनी स्वतःच्या घरची बादली आणून दिली आणि महिनाभर आपण विहिरीवर आंघोळ केली. पण घंगाळ सोडलं नाही. पाठोपाठ त्यांनी पौडच्या सोनाराकडून गुंजा तोलायचा काचेच्या पेटीतला तराजू उसना आणला. त्याच्या एका पारड्याखाली बारीक तारेनं पातळ पत्र्याचा एक शंकू बांधला आणि तो घंगाळातल्या पाण्यात बुडता सोडला. तेव्हापासून गावात त्यांचं नाव पडलं ‘घंगाळ डॉक्टर’. पोस्टमनसुद्धा तसंच म्हणायचा.

या सगळ्यामागं एक यंत्र होतं, आणि ते अजून आलेलंही नव्हतं.

परदेशात असताना डॉक्टरांनी एक नवल पाहिलं होतं. कारखान्यात लोखंडाच्या आत पडलेली चीर शोधायला जे यंत्र वापरतात, तसलंच यंत्र तिथले डॉक्टर गरोदर बाईच्या पोटाला लावून बघत होते. ते आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतं. आत कशावर तरी आपटून तो परत येतो, आणि काचेच्या पडद्यावर एक हिरवी रेघ मध्येच टोक काढून उभी राहते. दोन टोकांमधलं अंतर मोजलं, की बाळाचं डोकं केवढं आहे ते कळतं. दवाखाना चालवणाऱ्या पंचांसमोर डॉक्टरांनी याचं असं काही वर्णन केलं, की भुकूमचे आबासाहेब जागचे उठलेच.

आबासाहेब म्हणजे बडं प्रस्थ. भुकूमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी त्यांची जमीन, दारात जीप, आणि आवाज असा की जीपला हॉर्न लागायचा नाही. आमच्या पंचांमधले सगळ्यात थोरले तेच. डॉक्टरांवर त्यांचा जीव होता आणि भेटले की दोघं भांडायचे.

“यंत्र म्या आनतो,” आबासाहेब म्हणाले. “त्यात पोरगा का पोरगी ते बी दिसतं का?”

“पोरगा दिसत नाही, पोरगी दिसत नाही. मूलही दिसत नाही. रेघ दिसते.”

“नुसती रेघ?”

“हिरवी.”

आबासाहेबांचा उत्साह तिथं जरा उतरला, पण बोललेला शब्द त्यांनी मागं घेतला नाही. त्याला कारणही होतं. त्यांची सून शालन तेव्हा गरोदर होती. त्याआधी तिची दोन मुलं गेलेली, एक पोटातच आणि एक जन्मल्यावर घटकाभरात. तिसऱ्या वेळी काही कमी पडू द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

मी एकदा डॉक्टरांना विचारलं, की यंत्र अजून यायचंय, तराजू इथं, हे सगळं कशासाठी?

“सिस्टर, आवाज जिथं जाऊन आपटतो, तिथं ढकलतो. भिंतीआड ढोल वाजला तर छातीवर कळतो ना? तसंच. जेवढा जोर जास्त, तेवढा धक्का जास्त. आपण यंत्राचं तोंड पाण्यात धरायचं, त्याच्यासमोर हा शंकू टांगायचा आणि पारडं बघत बसायचं. पाण्यात हवा राहिली तर बुडबुडे आवाज अडवतात, आणि काथ्या काय करतो, तर घंगाळावर आपटून परतणारा आवाज गिळतो.”

“पारडं किती हललं म्हणजे यंत्र चांगलं?”

“अजिबात नाही हललं म्हणजे!” डॉक्टर हसले. “बाळाकडं बघायला इतका हलका आवाज पुरतो, की सोनाराच्या तराजूलाही त्याची दाद लागू नये. पारडं हललं, तर यंत्र नापास.”

यंत्र आलं ते समारंभाच्याच सकाळी. आबासाहेबांनी ते मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलं होतं, थोडं वापरलेलं, दोन कामांचं. बटण डावीकडं फिरवलं की दुखऱ्या सांध्यांना शेक देणार, उजवीकडं फिरवलं की पोटातला शोध घेणार. डॉक्टरांनी ते आठ दिवस आधी मागितलं होतं. पण आबासाहेबांना ते वाजतगाजत आणायचं होतं. तेव्हा जीपमधून, हार घालून, ताशाच्या गजरात ते भुकूमहून पौडला आलं आणि दवाखान्यात खुर्चीवर बसलं. बाहेर मांडव. पुण्याहून पाहुणे आलेले, फोटो काढणारा आलेला, मागच्या अंगणात मसालेभाताची चूल पेटलेली. आत पडद्यामागं टेबलावर शालनला निजवलं होतं. नारळ फुटायचा, डॉक्टरांनी यंत्र तिच्या पोटाला लावायचं, रेघ दिसायची, टाळ्या, जेवण, असा बेत.

नारळ फुटला. आणि डॉक्टर घंगाळ घेऊन आले. मागून मी तराजूची पेटी घेऊन.

“हे काय आनि?” आबासाहेबांनी विचारलं.

“परीक्षा.”

“कुनाची?”

“या पाहुण्यांची.” डॉक्टरांनी खुर्चीतल्या यंत्राकडं बोट दाखवलं. “नवीन आलेत, ओळखदेख नाही. सूनबाईंना लावण्याआधी जोर किती आहे ते बघतो.”

“अवो, मुंबईच्या मानसानं तपासूनच दिलंय की.”

“काय तपासलं त्यानं?”

“चालतंय का बंद हाय ते.”

“चालतंय हे मलाही दिसतंय. किती चालतंय ते बघायचंय.”

आबासाहेबांचा आवाज चढला. “मांडवात पाव्हनं बसल्यात, आन तुमी पान्याचा ख्योळ मांडताय? आदी लावा. मोजामोजी मागनं करा निवांत.”

“मागनं मोजून काय करू? मागनं फक्त वाईट वाटून घेता येतं.”

हे डॉक्टर एवढ्या हळू म्हणाले, की ताशेवालाही थांबला. मी त्यांना भांडताना खूपदा ऐकलं होतं, पण हा सूर मला नवा होता.

“आबासाहेब, मी मोठ्या इस्पितळात होतो तेव्हा पोटातल्या मुलांचे एक्स-रे काढायचो. डोकं बघायला. सगळेच काढायचे. बाईला दुखत नाही, खुपत नाही, म्हणजे मुलालाही काही होत नसणार, असं आम्ही धरून चाललो. पुढं परदेशात गेलो, तेव्हा तिथं कळलं, की अशा मुलांपैकी काहींना नंतर रक्ताचे आजार होतात. मी काढलेल्यांत कुणाला झाला का? मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. बाई ओरडू शकते हो. पोटातलं मूल ओरडत नाही. त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी, आणि तेही आधी, ओरडायला हवं. तेवढं मी करतोय.”

“आन म्या म्हनलं, न्हाई मोजायचं, तर?”

“तर मी आज संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जातो. यंत्र तुमचं आहे, दवाखाना तुमचा आहे.”

ते थट्टा करत नव्हते. आबासाहेब लालबुंद झाले होते. पाहुण्यांसमोर त्यांचा असा अपमान आजवर कुणी केला नसेल. पुढं काय होणार हे मला दिसत होतं. डॉक्टर जाणार, दवाखाना बंद पडणार आणि मी सामान बांधणार.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

“मामांजी, मोजू द्या त्यास्नी.”

सासऱ्यासमोर शालन कधी बोलली नव्हती. पाहुण्यांसमोर तर नाहीच.

“माजी दोन गेली,” ती म्हणाली. “आता घाई नगं.”

आबासाहेब मागं सरून भिंतीला टेकून उभे राहिले. “मोजा,” एवढंच म्हणाले.

वीज स्थिर हवी म्हणून गिरणी थांबवायला हवी होती. सगुणाबाई दारात गेली आणि तिनं हाळी दिली, “ए बाबा, गिरन बंद कर! डाक्टर पानी जोखतुया!” गिरणी थांबली, आणि पिठाचे डबे डोक्यावर तसेच ठेवून सगळ्या बाया खिडकीशी आल्या. त्या खिडक्याही डॉक्टरांनी लावायला सांगितल्या, वाऱ्यानं तराजू हलतो म्हणून. मग काचांना नाकं लागली. आत कुणी खोकायचं नाही, शिंकायचं नाही. सगुणाबाईनं तपकिरीची डबी कनवटीला खोचून टाकली.

डॉक्टरांनी यंत्राचं तोंड पाण्यात, शंकूच्या खाली, वर तोंड करून अडकवलं. बटण उजवीकडं, शोधाच्या बाजूला फिरवलं.

पारडं टणकन वर गेलं.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. पारडं खाली आलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा वर. यंत्राच्या पडद्यावर रेघ नव्हतीच, नुसता हिरवा गोंधळ. मग त्यांनी शंकू बाजूला काढला आणि आबासाहेबांना जवळ बोलावलं. घंगाळातल्या पाण्याला मधोमध टेंगूळ आलं होतं. खाली आग नाही, वारा नाही, कुणी हात लावलेला नाही, आणि पाणी आपलं आपण वर उचललं गेलेलं. टेंगळाच्या टोकावरून बारीक थेंब उडत होते.

“हे कोन करतंय?” आबासाहेबांनी विचारलं.

“आवाज.”

“मला तर काय ऐकू येईना.”

“मलाही नाही.” डॉक्टरांनी बाही वर करून हात पाण्यात घातला, यंत्राच्या तोंडासमोर धरला, आणि थोड्या वेळानं मोठ्या समाधानानं म्हणाले, “हाडात ठणकतंय.”

“बघू.” आबासाहेबांनी त्यांचा हात बाहेर ओढला आणि आपला घातला. मोठ्या धिप्पाड माणसाचा पंजा तो. क्षणभर ते तसेच उभे होते. मग एकदम हात बाहेर काढून त्यांनी तो दुसऱ्या हातात घट्ट धरला, आणि पडद्याकडं बघितलं. पडद्याच्या कडेनं टेबलावर निजलेल्या शालनची पावलं दिसत होती.

ते वळले. खुर्चीपाशी गेले, यंत्राच्या गळ्यातला हार काढला आणि खुंटीला अडकवला. मग बाहेर मांडवात जाऊन त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात जाहीर केलं, “यंतर नापास झालंय. भात तयार हाय. बसून घ्या मंडळी!”

डॉक्टर दोनदा जेवले. जिलबीच्या पाकाचं तापमानही त्यांनी बघितलं म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही.

यंत्र पुण्याला गेलं. तिथल्या एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानं ते उघडलं तेव्हा कळलं, की मागं कधीतरी दुरुस्ती करताना आतल्या तारांची अदलाबदल झाली होती. शोधाकडं फिरवलं तरी शेकाचाच सगळा जोर बाहेर यायचा. तारा सरळ झाल्या, यंत्र परत आलं आणि पुन्हा घंगाळात उतरलं. या वेळी गाव आधीपासून हजर. गिरणी थांबली, श्वास थांबले, डॉक्टरांनी बटण फिरवलं. पारडं जागच्या जागी. डॉक्टर बघतायत, आम्ही बघतोय, काहीही होत नाहीये.

“कदी हुनार?” खिडकीच्या काचेआडून एकीनं विचारलं.

“झालं!” डॉक्टर ओरडले. “काही झालं नाही! पास!” आणि त्यांनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. बाया गूळ खात घरी गेल्या, पण त्यांची निराशा लपत नव्हती.

त्यानंतर दर सोमवारी ही परीक्षा व्हायची. एकदा पास झालं म्हणजे कायमचं झालं, असं डॉक्टर यंत्राच्या बाबतीतही मानत नसत आणि डॉक्टरांच्या बाबतीतही. गावालाही सवय झाली. सोमवारी दळण उशिरा मिळतं हे बाया धरून चालायच्या. एकदा एक गृहस्थ नवाकोरा ट्रान्झिस्टर घेऊन आला, की शेजारी म्हणतात याचा आवाज जास्त आहे, तेवढा मोजून द्या. डॉक्टरांनी तो ऐकला आणि गंभीरपणे सांगितलं, “आवाज ठीक आहे. गाणं वाईट आहे.”

सगळ्यात गंमत पुढंच. पास झालेलं यंत्र डॉक्टर कुणाला लावेनातच! त्यावर त्यांनी कापडी खोळ घातली होती. आबासाहेब शालनला घेऊन आले.

“आता तर पास हाय न्हवं?”

“आहे.”

“मंग लावा.”

“गरज नाही. डोकं खाली आहे, ठोके चांगले आहेत, माझ्या हाताला सगळं कळतंय. हाताला कळतंय ते यंत्राला कशाला विचारायचं?”

आबासाहेबांनी कपाळावर हात मारला. पण शालन हसली, आणि वेळेवर, आमच्याच दवाखान्यात, सगुणाबाईच्या आणि डॉक्टरांच्या हातावर तिची सुटका झाली. मुलगी झाली. ठणठणीत. आबासाहेबांनी मुलगा झाल्यासारखे पेढे वाटले, आणि “बर्फी न्हाई का?” असं विचारणाऱ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की त्यानं दुसरा पेढा मागितला नाही.

डॉक्टर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. लग्न झाल्यावर मी पौड सोडलं. ते मात्र शेवटपर्यंत तिथंच राहिले आणि तिथंच वारले. माझ्या नातीच्या वेळी मी पुण्यात एका सोनोग्राफीच्या खोलीत गेले होते. पडद्यावर बाळ जांभई देताना दिसलं. डॉक्टरांच्या काळात एक रेघ होती. त्या रेघेनं काय केलं, ते सांगायचं राहिलंय.

धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरवाडा होता. तिथून एका दुपारी ठकूबाई नावाच्या बाईला घोंगडीची झोळी करून, बांबूला बांधून खाली आणलं. पुढं नवरा, मागं भाऊ. दिवस भरलेले, अधूनमधून कळा, आणि पोट एवढं मोठं की सगुणाबाईनंही भुवया वर केल्या. डॉक्टरांनी हात ऊन केले, पोटावर ठेवले. नेहमीसारखी विचारपूस केली. पुन्हा चाचपलं. लाकडी नळी लावून ऐकलं. एक डोकं खाली लागत होतं, आणि वर एका कुशीला, बरगडीखाली, आणखी काहीतरी कठीण लागत होतं. ते ढुंगण असेल, डोकं असेल, गाठ असेल. हात सांगेना.

“सिस्टर,” ते म्हणाले, “खोळ काढा.”

सोमवारची परीक्षा झालेली होती. तरी त्यांनी यंत्राचं तोंड आधी स्वतःच्या मनगटाला धरलं. मी ठकूबाईच्या पोटाला तेल लावलं.

“दुखंल का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“आन आतल्याला?”

“त्याची मी काळजी घेतली आहे,” डॉक्टर म्हणाले. ती त्यांच्याकडं नीट बघत राहिली आणि मग तिनं मान हलवली.

खाली यंत्र धरलं, तशी रेघेवर दोन टोकं उभी राहिली. एक डोकं. डॉक्टरांनी यंत्र हळूहळू वर सरकवलं, आडवं धरलं. पुन्हा दोन टोकं, तेवढ्याच अंतरावर. त्यांनी पुन्हा खाली जाऊन बघितलं, पुन्हा वर आले. मग यंत्र बंद करून ते तिच्या उशाशी उकिडवे बसले.

“बाई, दोन आहेत. पहिलं सरळ आहे, ते आपलं आपण येईल. दुसरं आडवं आहे. तेव्हा पहिलं आलं तरी तुमचं काम अर्धंच झालंय असं समजायचं.”

ठकूबाईनं नवऱ्याकडं मान वळवली. “ऐकलं का? दोन!” नवरा होता तिथंच खाली बसला.

तिला पुण्याला न्यायला हवं होतं. आबासाहेब कचेरीत कामाला आले होते. डॉक्टर धावत जाऊन त्यांना जीपसकट घेऊन आले. मागं ठकूबाई, सगुणाबाई, मी आणि डॉक्टर. पुढं आबासाहेब आणि नवरा. भुकूम गेलं. आबासाहेबांनी स्वतःच्या घराकडं बघितलंही नाही. भूगाव मागं पडलं आणि ठकूबाईनं जीपची बाजू घट्ट धरली. बावधनच्या अलीकडं एका आंब्याखाली जीप उभी करावी लागली.

पहिला मुलगा लगेच आला, मोठमोठ्यानं रडत. सगुणाबाईनं त्याला पुसून आबासाहेबांच्या उपरण्यात गुंडाळलं आणि त्यांच्याच हातात दिलं. ते पाठ करून उभे होते. तसेच, पाठमोरे, मूल घेऊन उभे राहिले.

आणि मग कळा थांबल्या. दुसरं मूल आडवं. डॉक्टर बाहेरून दोन्ही हातांनी त्याला वळवायला बघत होते. थोडं फिरायचं, पुन्हा जागेवर जायचं. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम गळत होता. ठकूबाईचे डोळे मिटायला लागले. मी तिचे खांदे धरून बसले होते. तिचं अंग सैल पडत होतं, आणि अशी सैल पडलेली बाई परत येत नाही हे मला माहीत होतं.

“ठकूबाई,” मी म्हटलं, “अजून एक आहे.”

तिनं डोळे उघडले. “ठावं हाय,” ती म्हणाली, आणि जीपच्या बाजूला पुन्हा हात घातला.

मूल वळलं. पायाकडून आलं. मुलगी. निळी पडलेली, गप्प. डॉक्टरांनी तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून हलकेच फुंकर घातली. पुन्हा घातली. मग मांजरीसारखा एक आवाज आला, आणि मग तो वाढला.

सगळं आवरल्यावर आबासाहेब मागं आले. “बाई, लई धीराची तू,” ते म्हणाले.

“धीर कसला,” ठकूबाई म्हणाली. “माज्या आईला बी दोन व्हती. येक आलं, आन समदी उठून गेली. आत दुसरं हाय, हे कुनाला ठावंच न्हवतं. आई बी दमून निजली. ती बी गेली आन ते बी. पयली ती म्या.” तिनं मुलीच्या तोंडावरची माशी उडवली. “मला आदी सांगितलं व्हतं, म्हून म्या जागी ऱ्हायले.”

डॉक्टर हात पुसत होते. ते पुसतच राहिले. मग जीपच्या पलीकडं गेले. थोड्या वेळानं आबासाहेबही गेले. मी बघितलं तर दोघं रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते आणि आबासाहेब डॉक्टरांना विडी पेटवून देत होते. डॉक्टरांनी जन्मात विडी ओढली नव्हती. त्यांना जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ठसका थांबला तरी ते वाहतच होतं. आबासाहेब दुसरीकडं बघत बसले.

शेवटी ठकूबाईनंच जीपमधून हाक मारली, “वो डाक्टर! इडी झाली आसंल तर चला की. पोरं गारठत्याल.”